पाच सेंटिमीटर

गेल्या महिन्यात घरातले जुने फोटो स्कॅन करून कसे जपायचे यावर लिहिलं होतं. त्यावर बरेच फोन आले आणि दोघांनी अल्बमच घरी आणून दिले. या महिन्यात विषय अगदी वेगळा आहे. आपल्या मंडळातल्या तीन-चार घरांत सध्या गोड बातमी आहे आणि त्यातल्या दोन होणाऱ्या बाबांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या वेळी तू म्हणे डॉक्टरांना मोठी पीडीएफ नेऊन दाखवलीस?"

दाखवली नव्हती. दाखवायला नेली होती, हे खरं. काय झालं ते सांगतो. मी डॉक्टर नाही, बी.ई. झालेला सॉफ्टवेअरवाला आहे हे आधीच सांगून ठेवतो. इथे जे आहे ते वाचलेलं आणि पाहिलेलं आहे. तुमच्या घरचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

गेल्या वर्षी श्रावणात आमच्याकडे मुलगी झाली. बायकोचं माहेर खानापूरचं. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत, पण खानापूरचा पाऊस आणि रात्रीबेरात्रीचा रस्ता यांचा विचार करून सासूबाईच सातव्या महिन्यानंतर बेळगावला येऊन राहिल्या. माझं काम घरूनच चालतं. त्यामुळे दुपारच्या मीटिंगा म्यूट करून वाचायला भरपूर वेळ होता.

वाचनात पहिल्यांदा हाती लागलं ते जागतिक आरोग्य संघटनेचं २०१८ सालचं बाळंतपणाच्या काळजीबद्दलचं मार्गदर्शन. त्यात ५६ शिफारशी आहेत. त्या प्रामुख्यानं निरोगी, कमी जोखमीच्या बाईसाठी आहेत. बीपी नाही, साखर नाही, बाळ एकच, डोकं खाली, दिवस पूर्ण भरलेले आणि कळा आपोआप सुरू झालेल्या, अशी बाई. आमचं प्रकरण नेमकं तसंच होतं. शिफारशी वाचताना मला आश्चर्य वाटलं ते त्यांच्या साधेपणाचं. कळा देताना तिच्या पसंतीचं माणूस जवळ असू द्या. तिला हिंडू-फिरू द्या, उताणं झोपवून ठेवू नका. पाणी, पेज, जे हवं ते पिऊ-खाऊ द्या. सरसकट एनिमा देऊ नका, केस काढू नका. सरसकट चीर देऊ नका. बाळाला काही त्रास नसेल तर पहिला तासभर आईच्या छातीवर उघड्या अंगाला अंग लावून ठेवा. नाळ निदान एक मिनिट तरी कापू नका. अंघोळ २४ तासांनंतर घाला.

यातलं बरंचसं नवं नाही. याच संघटनेनं १९९६ साली साध्या बाळंतपणावर एक पुस्तिका काढली होती. त्यात सरसकट एनिमा, केस काढणं आणि उताणं झोपवणं यांची गणना अपायकारक किंवा निरुपयोगी आणि बंद करायच्या गोष्टींत केली होती. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. आता मला मुलगी झाली तरी ओळखीपाळखीच्या बाळंतिणींना विचारलं तर यातलं काही ना काही झालेलं असतंच.

आमच्या धंद्यात याला फार आश्चर्य मानत नाहीत. डॉक्युमेंट एक सांगतं आणि प्रॉडक्शनवर दुसरंच चालू असतं, हे रोजचं आहे. डॉक्युमेंट बदलायला एक दुपार पुरते. चालू यंत्रणा बदलायची तर रात्रपाळीला कोण आहे, त्याला काय शिकवलं आहे, बटण कुठे आहे, चुकलं तर शिव्या कोण खाणार, हे सगळं बदलावं लागतं.

पण हे तत्त्वज्ञान मला तेव्हा सुचलं नव्हतं. तेव्हा मी एक एक्सेल शीट केली होती. डावीकडे शिफारस, उजवीकडे "हो / नाही / विचारायचं". ती शीट आणि पीडीएफ घेऊन आठव्या महिन्यात डॉक्टर मॅडमकडे गेलो. (खासगी रुग्णालय, नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. मॅडम साठीच्या घरात, शांत स्वभावाच्या.) त्यांनी शीटकडे पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "यातलं सगळं मला माहीत आहे. तुम्हाला यातलं नक्की काय हवंय ते तोंडी सांगा."

मी म्हटलं, "लेबर रूममध्ये सोबत मी असणार."

आपल्या केंद्र सरकारनंही २०१६ साली सरकारी प्रसूतिगृहांत सोबतीला माणूस असावं असं ठरवलं आहे, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली बाई आणि आडोशाची नीट सोय असेल तिथे नवराही चालेल, हे मी मॅडमना सांगायला सुरुवात केली होती. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून बायको म्हणाली, "मला आई हवी."

मॅडम हसल्या. मला मात्र जरा लागलंच. तीन महिने वाचन मी केलेलं. पण शिफारशीत शब्द "तिच्या पसंतीचं माणूस" असा आहे आणि मी एक्सेलमध्ये तो "नवरा" असा उतरवून घेतला होता. सोबतीचा फायदा चांगला तपासलेला आहे. १७ देशांतले २६ अभ्यास, १५ हजारांहून जास्त बायका. सतत कुणी तरी जवळ असलं की आपोआप बाळंत होण्याचं प्रमाण वाढतं, सिझेरियन कमी होतं, वेळही थोडा कमी लागतो. त्यात कुठेही त्या माणसाकडे पीडीएफ असावी असं म्हटलेलं नाही.

शनिवारी संध्याकाळी कळा सुरू झाल्या, आठ वाजता आम्ही दाखल झालो. तीन सेंटिमीटर. म्हणजे गर्भाशयाचं तोंड तीन सेंटिमीटर उघडलं होतं, दहा झालं की बाळ यायला वाट मोकळी. सासूबाई आत, मी बाहेर. बाहेर धो धो पाऊस. बारा वाजता मॅडमनी तपासलं, चार सेंटिमीटर. आतून बायकोचा आवाज येत होता. तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता आणि त्याचं काय करायचं हे एक्सेलमध्ये नव्हतं. माझी आई फोनवर, "अजून कसं झालं नाही रे?" बायकोचे काका फोनवर, "आमच्या सुनेचं सरळ सिझर केलं, अर्ध्या तासात मोकळी." रात्री दोन वाजता मी पायऱ्यांवरच मॅडमना गाठलं आणि म्हणालो, "मॅडम, सिझेरियन करून टाकू या का?"

हो, मीच म्हणालो.

मॅडम थांबल्या. "बाळाचे ठोके उत्तम आहेत. तिचं बीपी उत्तम आहे. ती थकली आहे, पण आईच्या खांद्यावर मान टाकून खोलीत फिरते आहे. चार सेंटिमीटर म्हणजे खरी सुरुवातच झालेली नाही. पाच होऊ द्या. तुम्हीच ते वाचून आला होता ना?"

वाचून आलो होतो खरा. आता ते पाच सेंटिमीटर काय आहे ते सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

१९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रीडमन नावाच्या डॉक्टरांनी ५०० पहिलटकरणींच्या कळांचा आलेख काढला. पुढे १९७२ मध्ये ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, फिलपॉट आणि कासल या दोघांनी त्यावर एक सरळ रेघ मारली. तासाला एक सेंटिमीटर. त्यापेक्षा हळू चाललं तर सावध व्हा. तिच्या उजवीकडे चार तासांवर दुसरी रेघ, तिथे पोचलात तर काही तरी करा. त्यांची गरज खरी होती. दूरच्या दवाखान्यातल्या सुईणीला कळायला हवं होतं की बाईला मोठ्या इस्पितळात कधी हलवायचं. मधल्या चार तासांत प्रवास व्हायचा. हाच तो पार्टोग्राफ. तो जगभर गेला, आणि जिथे ऑपरेशन थिएटर शेजारच्याच खोलीत आहे तिथेही गेला. तिथे "हलवा" या शब्दाचा अर्थ "कळांचं इंजेक्शन वाढवा" किंवा "थिएटरमध्ये घ्या" असा झाला.

२०१८ च्या मार्गदर्शनानं ही रेघ काढून टाकली. पुष्कळ निरोगी बायकांत पाच सेंटिमीटरपर्यंत वेग वाढतच नाही, त्यामुळे खरी सक्रिय अवस्था पाचपासून मोजावी. त्यानंतरही आई आणि बाळ ठीक असतील तर नुसतं तासाला एक सेंटिमीटर होत नाही एवढ्यावरून काही करू नये. पहिलटकरणीला पाचपासून पुढे बारा तासही लागू शकतात.

आमचा हिशेब बघा. रात्री बारा, चार सेंटिमीटर. पहाटे चार, पाच. सकाळी आठ, सात. जुन्या कागदावर पहिली रेघ पहाटेच ओलांडली होती आणि आठ वाजता दुसरीही, कारण त्या रेघेवर आठला आठ सेंटिमीटर हवे होते. नव्या कागदावर पाचवर सहा तासांपर्यंत थांबायची मुभा आहे, सातवर तीन तास, आठवर अडीच. त्या हिशेबात आमचं सगळं बिनबोभाट चाललं होतं. बाई तीच, कळा त्याच. कागद बदलला की "अडलेली बाई" आणि "नीट चाललेलं बाळंतपण" एवढा फरक पडतो. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. दोन किलो नऊशे.

हा नवा कागद म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या डिसेंबरात आणलेला लेबर केअर गाइड. तो मी नंतर मुद्दाम पाहिला, आणि फॉर्म बनवणारा माणूस म्हणून मला तो फार आवडला. बाळाचे ठोके, आईचं बीपी यांच्या वरच, त्याच तक्त्यात चार रकाने आहेत. सोबत कोणी आहे का, वेदना कमी करायला काही दिलं का, तोंडानं काही पितेय का, कुठल्या स्थितीत आहे. उत्तर "नाही" किंवा "उताणी" आलं तर त्याला गोल करायचा आणि काय केलं ते लिहायचं. म्हणजे पाणी न देणं ही गोष्टही ठोक्यांसारखीच नोंदवावी लागते. भिंतीवर "रुग्णांशी प्रेमानं वागा" असं पोस्टर लावण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. फॉर्ममध्ये रकानाच नसेल तर ती गोष्ट दुसऱ्या पाळीच्या माणसापर्यंत पोचत नाही, हे आमच्या क्षेत्रात कुणालाही विचारा.

आणि मंडळी, या कागदाची भारतातली मोठी चाचणी आपल्या बेळगावच्या जे.एन. मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी ऑस्ट्रेलियातल्या सहकाऱ्यांबरोबर केली आहे! मी कॉलेजात असताना त्या फाटकावरून किती वेळा गेलो असेन, आत हे चालतं याचा पत्ता नव्हता. चार रुग्णालयं, २६ हजारांवर बायका. एकदम सगळीकडे लागू न करता एकेक रुग्णालय पाळीपाळीनं आत घेतलं, आम्ही नवं सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्यानं सोडतो तसं. नुसता कागद दिला नाही. शिक्षण दिलं आणि दर महिन्याला आपापल्या सिझेरियनांचे आकडे समोर ठेवून बसायची पद्धत लावली. २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आले. कळा आपोआप सुरू झालेल्या, पूर्ण दिवसांच्या, एकच बाळ आणि तेही डोकं खाली असलेल्या पहिलटकरणींमध्ये सिझेरियनचं प्रमाण ४५.२ टक्क्यांवरून ३९.७ वर आलं. कळा वाढवायच्या इंजेक्शनचा वापर सुमारे १८ टक्क्यांनी घटला. सिझेरियनमधली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की म्हणता येत नाही, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट लिहिलं आहे. इतर बाबतींत आई-बाळाच्या तब्येतीत फरक दिसला नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडला. कमी जोखमीच्या गटातही शंभरातल्या चाळीस-पंचेचाळीस जणींचं सिझेरियन होत होतं, हा आकडा मात्र मला अजून पचलेला नाही.

कागदाला किती मर्यादा असते याचंही उदाहरण आहे. बाळंतपणासाठी सुरक्षिततेची एक यादी, म्हणजे चेकलिस्ट, कर्नाटकातल्या एका तालुका पातळीवरच्या केंद्रात २०१० मध्ये वापरून पाहिली. २९ आवश्यक गोष्टींपैकी आधी सरासरी १० होत होत्या, यादी आल्यावर २५ झाल्या. मग उत्तर प्रदेशात १२० केंद्रांत मोठा प्रयोग झाला, यादीबरोबर शिकवायला परिचारिका-प्रशिक्षक नेमून. सुरुवातीला आवश्यक गोष्टींपैकी सुमारे ७३ टक्के होऊ लागल्या, शेजारच्या तुलनेच्या केंद्रांत ४२. प्रशिक्षकांची भेट बंद झाल्यावर ७३ चे ६२ झाले. आणि मृत्यूंचं प्रमाण? दोन्हीकडे सारखंच राहिलं. हात धुतले, बीपी मोजलं, सगळं चांगलंच. पण रक्तस्राव सुरू झाला तर तो थांबवायचं कौशल्य, रक्त, गाडी आणि वरचं रुग्णालय या गोष्टी यादीतून येत नाहीत.

आमच्याकडे सगळं पुस्तकाप्रमाणे झालं असं समजू नका. सोबत मिळाली, फिरायला मिळालं, शहाळ्याचं पाणी आणि पेज मिळाली. पण शेवटच्या अर्ध्या तासात तिला टेबलावर उताणं घेतलं, पाय अडकवले, कारण ते टेबलच तसं आहे. चीर दिली. का दिली हे तिला सांगितलं नाही, विचारलंही नाही. नंतर टाके दुखत होते तेव्हा तिनं सिस्टरना विचारलं, तर त्या अगदी सहज, प्रेमानं म्हणाल्या, "पहिलटकरणीला देतातच की, ताई." बाळ रडलं, गुलाबी होतं, तरी पुसून शेजारच्या खोलीत नेलं, कारण वॉर्मर त्या खोलीत. पाऊण तासानं आणलं. तो पहिला तास तिला मिळाला नाही. ती अजूनही हे चिडून सांगत नाही, पण मुलीच्या जन्माची गोष्ट सांगताना दर वेळी त्या पाऊण तासाशी थांबते.

दोन महिन्यांनी कुंदा घेऊन मॅडमना भेटायला गेलो आणि चीर व वॉर्मर या दोन्हींबद्दल विचारलं. शीट नेली नव्हती. त्यांनी टाळलं नाही. म्हणाल्या, "चीर सांगून, गरज असेल तरच द्यायला हवी होती. त्या वेळी मी बाजूच्या टेबलावर होते. रात्रभर दोन सिस्टर, त्यातली एक नवी. जुनी जे शिकवते ते नवी शिकते. वॉर्मर तिथे आहे कारण प्लग तिथे आहे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि नातेवाईक. तुम्ही शिकलेले, वाचलेले. तरी रात्री दोन वाजता तुम्ही काय म्हणालात? मी हो म्हटलं असतं तर तुम्ही आभार मानले असते. मी थांबले आणि काही वाईट झालं असतं तर तुम्हीच विचारलं असतं, वेळेवर का केलं नाही. एकीकडे पंधरा तास जागरण आणि दुसरीकडे चाळीस मिनिटांचं ऑपरेशन. दर वेळी थांबायचं बळ कुठून आणायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली, सरकारीत १४.३. मी हे आकडे आधी वाचले तेव्हा सरळ पैशाचा हिशेब लावला होता. पैसा असतोच, भोळेपणा नको. पण त्या ४७ मध्ये पायऱ्यांवर उभे असलेले माझ्यासारखे किती, हे कुठल्या पाहणीत येत नाही.

घरी आजीनं मुलीला बघताच पहिली मागणी केली ती अंघोळीची. "रक्ताची तशीच ठेवलीय पोर!" २४ तासांचं सांगितल्यावर रुसली. पण उताणं झोपवायच्या गोष्टीवर ती माझ्याही पुढे. "आम्हाला सुईण म्हणायची, खांब धर, उकिडवी बस, फिर. आडवं पडून कुणी बाळंत होतं का?" तिचं ऐकून मला क्षणभर वाटलं की जुनं तेच सोनं. मग तिनंच सांगितलं की तिची सहा, त्यातली चार राहिली. म्हणून सिझेरियनला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. ठोके बिघडले, रक्त गेलं, बीपी वाढलं, बाळ आडवं असलं, तर ही सगळी शिफारसपत्रं बाजूला ठेवून मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो आणि तो डॉक्टरांचाच.

ज्या दोघांनी विचारलं त्यांना मी शीट पाठवली नाही. एवढंच सांगितलं की सातव्या-आठव्या महिन्यात, कळा नसताना, दोघांनी मिळून जा. सोबत कोण हवं हे आधी बायकोला विचार, मग डॉक्टरांना. चीर देण्याआधी सांगाल का, बाळ लगेच छातीवर ठेवाल का आणि वॉर्मर कुठल्या खोलीत आहे, हे विचारून घे. (मॅडमकडे आता एक्सटेन्शन वायर ओढून तो टेबलाशेजारी आणलाय. गेल्याच महिन्यात आमच्या मावसबहिणीच्या वेळी पाहिला.) आई, काका, मामा सगळ्यांना आधीच सांगून ठेव की पंधरा-वीस तास लागू शकतात, तासातासाला फोन करू नका.

त्यातल्या शहापूरच्या मित्राचा परवा रात्री पावणेतीनला मेसेज आला, "४ सेंमी. ठोके ठीक म्हणाले. सगळे सिझर म्हणतायत. काय करू?"

मी जागाच होतो, मुलगी झोपत नव्हती. लिहिलं, "पाच होऊ दे. खाली टपरी उघडी असेल तर चहा पी आणि तिच्या आईलाही नेऊन दे."